मागची कडी जराशी उंच

५ नोव्हेंबर

मेहुणे,

वर नमस्कार लिहावा की आशीर्वाद, ते ठरेना. वयाने मी मोठा, रागाने तू. म्हणून दोन्ही गाळले.

पत्ता कुठून मिळाला असं तुझ्या मनात येईल. तुझ्या बहिणीच्या शिलाई मशीनच्या खणात रिळांखाली एक पुठ्ठा आहे. त्यावर तुझे पत्ते आहेत, एकाखाली एक. वरचे सगळे खोडलेले, शेवटचा तेवढा शाबूत. तू घरं बदलत गेलास आणि ती खोडत गेली. तिला कोण कळवतं ते मी विचारलेलं नाही, कारण मी तो खण उघडतो हे तिला माहीत नाही. मला मशीनचं बारीक तेल हवं होतं. फोनही करता आला असता, पण फोनवर माझा आवाज चढतो. कागदावर खोडता येतं.

काम असं आहे. आपल्या नेमबाजी क्लबला गावाबाहेरची जुनी दगडाची खाण मिळाली आहे. दोनशे मीटर सरळ मोकळी जागा, शेवटी उभा कातळ, वर चढायला वाट नाही. शिट्टीमास्तरने (तोच, रेंजवर कुणी खोकलं तरी शिट्टी फुंकणारा) कातळाच्या पायथ्याशी साखळीने एक लोखंडी चकती टांगली आहे, जेवणाच्या ताटाएवढी. मोठ्या रायफलींवाले ती वाजवतात आणि चहा पितात. मी आपली लहान गोळीची पॉइंट टू-टू रायफल घेऊन गेलो. कुणी हसलं नाही. हसले असते तर परवडलं असतं. एकाने विचारलं, "काका, ही गोळी तिथवर टपालाने पाठवणार का?"

सध्या माझ्या रायफलीवर जी दुर्बीण आहे ती नावाला दुर्बीण. गोळी वर यावी म्हणून तिच्या डोक्यावरचा नॉब क्लिक-क्लिक करत फिरवत गेलो. शेवटी ठक्. पुढे फिरेना. आणि गोळ्या अजून चकतीच्या बऱ्याच खाली, खडीत. म्हणजे नॉबच्या हातात होतं तेवढं संपलं. आता दुर्बीण जिच्यावर बसते ती बैठकच तिरकी करायला हवी. पन्नास मीटरवर नळी आणि दुर्बीण जवळपास समांतर असल्या तरी भागतं. दोनशेवर गोळी इतकी खाली येते की नळी आभाळाकडे थोडी रोखावी लागते, आणि दुर्बिणीने तर सरळ चकतीकडेच बघायला हवं. म्हणून दुर्बीण धरून ठेवणाऱ्या दोन कड्यांपैकी मागची कडी पुढचीपेक्षा जराशी उंच. जराशी म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या थोडं वर. जास्त नाही.

हे मी तुम्हाला आधीच सांगितलं होतं, असं तू म्हणशील. सांगितलं नव्हतंस. केलं होतंस. सामन्याच्या आदल्या दिवशी मागच्या कडीत पत्र्याची पट्टी घालून तू लांबचा मारा करून बघायला गेलास, आणि ती काढायला विसरलास. दुसऱ्या दिवशी पन्नास मीटरवर माझ्या सगळ्या गोळ्या टार्गेटच्या डोक्यावरून मातीत. शिट्टीमास्तरने माझा कागद उजेडात धरला, उलटा करून पाहिला आणि म्हणाला, "गोळ्या भरल्या होत्या ना?"

त्या संध्याकाळी आपण वाटणी केली. दुर्बीण तू घेतलेली, म्हणून कड्यांसकट तू काढून नेलीस. रायफल माझी, ती राहिली. आणि या उंबऱ्यावर पुन्हा पाय ठेवणार नाही असं तू म्हणालास ते माझ्याकडे बघून, पण ते ऐकलं माझ्या मागे दारात उभ्या असलेल्या माणसाने.

असो. मला दोन मापं हवीत. तुझ्या दुर्बिणीच्या नळकांड्याचा व्यास, आणि दोन कड्यांमधलं अंतर. मी बैठक बनवायला घेतली आहे. दुर्बीण मागत नाही.

तुझी बहीण बरी आहे. तुझं नाव काढत नाही. बातम्यांत कुठे लिफ्ट अडकल्याचं आलं की टीव्हीचा आवाज मोठा करते.

दाजी


२३ नोव्हेंबर

मेहुणे,

कार्ड मिळालं. एवढ्या मोठ्या कार्डावर एकच शब्द: "तीस." नळकांडं तीस मिलिमीटर, हे समजलं. कड्यांमधलं अंतर तू दिलेलं नाहीस. लिफ्टच्या तारा ताणणाऱ्या माणसाने मोजपट्टीचा इतका कंटाळा करू नये. उद्या कुणाला चौथ्या मजल्याऐवजी साडेतिसऱ्यावर उतरवशील.

बैठक झाली. पोलादाची केली, ॲल्युमिनियम नको वाटलं. मिलिंग मशीनवर एका बाजूखाली फीलर गेजची ठरावीक जाडीची पाती ठेवून घेतली आणि वरून पातळ-पातळ पापुद्रे काढत गेलो. शंभर मिलिमीटर लांबीत सहा दशांश चढ. डायल गेज एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकवला तेव्हा काटा अशा संथपणे चढत गेला की मी वर्कशॉपचा पंखा बंद केला. उगाच. पंख्याने काट्याला काही होत नाही. तुला माहीत आहे, मला हे कुणी शिकवलं नाही. कानशीने सरळ पृष्ठभाग येतो असं म्हणणाऱ्या लोकांच्या हाताखाली मी काढलेल्या वर्षांत फक्त काय करू नये ते कळलं.

पहिली चाचणी काही कारणांमुळे यशस्वी झाली नाही. कारणं तांत्रिक आहेत.

तुझ्या बहिणीला सोबत नेलं होतं. गोळी कुठे पडली ते सांगायला दुसरा डोळा लागतो. ती जागा तुझी होती आणि रिकामी होती. ती डबा ठेवून परत फिरणार होती, पण शिट्टीमास्तरने तिला खुर्ची दिली आणि आवाज अडवणारी कानावरची बोंडं दिली. मग ती बसली.

बाजारातल्या कड्या मी पाहिल्या. बाहेरून चकाचक आणि आतून गोल नाहीत. एकीत तीस मिलिमीटरचा दांडा घातला तर दोन जागी टेकतो आणि बाकी हवेत. तुझ्या कड्या तशा नव्हत्या, एवढं मला आठवतं. मागत नाही. आठवलं म्हणून लिहिलं.

दाजी


९ डिसेंबर

अरे मेहुण्या,

पार्सल पोचलं. कड्या पाठवल्यास आणि दुर्बीण ठेवून घेतलीस. नुसत्या कड्यांतून बघू का मी?

पार्सल मी वर्कशॉपच्या पत्त्यावर मागवायला हवं होतं. पोस्टमनने ते घरी दिलं. मी जेवायला आलो तर ते टेबलावर, आणि तुझी बहीण त्याच्यासमोर बसलेली. "गाठ मारून झाल्यावर विश्वास बसत नाही म्हणून वर आणखी एक गाठ मारणारा माणूस मला एकच माहीत आहे," ती म्हणाली. मी जे काय आहे ते सांगितलं. तिने कात्री घेतली नाही. सुतळी बोटांनी सोडवली. आमटी गार झाली तरी सोडवत होती. मग सुतळीची गुंडाळी करून खणात टाकली. तुझा पत्ता असलेला खण तोच, पण मला तो माहीत नाही.

आता तांत्रिक कारणांविषयी. मी नाही लिहिलं तर ती लिहीन म्हणते, म्हणून मीच लिहितो. खाणीवर पहिल्याच गोळीला चकतीच्या खाली धूळ उडेल अशी माझी अपेक्षा होती, थोडी खाली. ती उडाली आमच्यापासून निम्म्या वाटेवर. पूर्वीपेक्षा वाईट.

"एवढा खटाटोप करून गोळी आणखी खाली?" तिने विचारलं.

"बघतोय."

"उलटं बसलंय का?"

"उलटं कसं बसेल? मी बसवलंय."

"म्हणूनच विचारलं."

सगळे स्क्रू सोडून पाहिलं. उलटं बसलं होतं. त्याचं असं झालं, की माझ्या बाकड्यावर रायफल नेहमी डावीकडे तोंड करून असते. त्या दिवशी डावीकडचा शिकंजा एका पंपाच्या दांड्याने अडलेला होता, म्हणून रायफल उजवीकडच्या शिकंज्यात धरली. तोंड उजवीकडे. हातांनी मात्र सवयीने उंच बाजू उजवीकडे ठेवली. शतांशात मोजलेला चढ आणि दिशा साफ विरुद्ध. तिला समजावून सांगितलं. ती मान हलवत राहिली, आणि घरी येईपर्यंत अधूनमधून खांदे हलत होते. ती इतकी हसते हे मी विसरलो होतो.

तुझ्या मागच्या कडीत ती पट्टी अजून आहे. इतक्या दिवसांत तुला काढावीशी वाटली नाही? मी ती मायक्रोमीटरखाली धरली. तू कात्रीने, बिस्किटाच्या डब्याच्या पत्र्यातून, डोळ्याच्या अंदाजाने कापलेली. हिशेब करून मी जो चढ काढला त्याच्यापेक्षा ती केसभर कमी आहे. नुसती केसभर. पुन्हा मोजली. तेवढंच. योगायोग असू शकतो. पण मी बराच वेळ ती बोटावर घेऊन बसलो होतो. तरीही पट्टी चूकच. तिच्यामुळे दुर्बिणीचं नळकांडं कडीत वाकतं, त्यावर ओरखडा पडतो. बैठकच तिरकी करणं हा खरा मार्ग. पण चढ किती हवा ते तुला कळलं होतं, हे मी लेखी देतो.

खालच्या ओळी तुझ्या बहिणीच्या आहेत. तिने पत्र मागून घेतलं.

दाजी

काच पाठव. यांच्या दुर्बिणीतून खाण धुक्यात बुडाल्यासारखी दिसते. आणि पार्सलात एखादी ओळ घातली असतीस तर सुतळी सोडवल्याचं सार्थक झालं असतं. — ताई


११ जानेवारी

मेहुण्या,

दुर्बीण सुखरूप पोचली. कामावरच्या जाड मोज्यात घालून पाठवण्याची कल्पना चांगली होती. मोजे धुतले असतेस तर जास्त चांगली.

सोबतची चिठ्ठी तिच्या नावाची होती, ती तिला दिली. तिने खिडकीशी उभं राहून वाचली, बराच वेळ लागला, आणि चिठ्ठी तर लहान दिसत होती. मला दाखवली नाही आणि मी मागितली नाही. तू काय लिहिलंस ते मला माहीत नाही, पण त्या दिवशी तिने पोळ्या इतक्या केल्या की दोन दिवस पुरल्या.

बसवण्याचं सांगतो. बैठक सुलट बसवली (ती स्वतः तपासून गेली). कड्या तुझ्या, पट्टी काढलेली. दाराच्या चौकटीला ओळंबा लावला. रायफल स्पिरिट लेव्हलवर सरळ धरून दुर्बीण कड्यांत अशी फिरवत आणली की आतली फुली, तिची उभी रेघ, ओळंब्याच्या दोरीवर बरोबर बसावी. फुली जरा जरी कलली तर पन्नासवर कळत नाही, दोनशेवर गोळी बाजूला पळते. तुझी बहीण दोरी हलू नये म्हणून श्वास रोखून उभी होती. मग स्क्रू आळीपाळीने, समोरासमोरचे, पाव-पाव फेरा.

चकती वाजली. पहिल्यांदा नाही, सहाव्या गोळीला, पण वाजली. ती वाजते कशी ते तुला सांगायला हवं. चाप ओढला की ठुस्स होतं आणि मग काही नाही. काहीच नाही. आपण चुकलो असं मन धरून चालतं. आणि मग, माणूस श्वास घेऊन सोडेल एवढ्या वेळाने, लांबून बारीक टण्. मोठ्या रायफलींची चकती लगेच ओरडते. हिची येते आणि सांगते. मला टपालाविषयी विचारणारा तो माणूस चहाचा कप घेऊन येऊन उभा राहिला आणि शेवटपर्यंत प्यायला नाही.

आता जे लिहायचंय त्यासाठी हे सगळं लिहिलं.

तिला म्हटलं, एकदा तूही मार. नको-नको करत ती चटईवर पालथी झाली. माझं झूम नेहमी शेवटच्या आकड्यावर असतं, तुला ठाऊक आहे. तिला त्यात काही सापडेना, नुसता कातळ हलतोय म्हणाली, आणि मला न विचारता रिंग फिरवून झूम तळाला आणलं. सूर्य आमच्या पाठीशी होता. तिने चाप ओढला. गोळी चकतीच्या शेजारी लागली.

ती उठेना. डोळा काचेलाच.

"काय झालं?"

"काहीतरी वर गेलं."

"कावळा असेल."

"कावळा नाही. बारीक. चिलटासारखं. फुलीच्या वर चढलं, चमकलं, आणि हळूच खाली चकतीपाशी उतरलं." मग थांबून म्हणाली, "गोळी होती का हो ती?"

मी म्हटलं, गोळी दिसत नसते. तिने आणखी एक मारली आणि म्हणाली, "दिसते."

मग मी झोपलो. झूम तिचं, सूर्य तोच, गोळ्या त्याच पेटीतल्या. मारली. काही दिसलं नाही. पुन्हा मारली. ती माझ्या शेजारी गुडघ्यांवर बसली होती, चकतीकडे पाठ करून, माझ्या तोंडाकडे बघत.

"तुम्ही डोळा मिटता," ती म्हणाली.

"मी?"

"ठुस्स होतं तेव्हा. गच्च मिटता. मिठाचा खडा लागल्यासारखा."

मेहुण्या, मी इतकी वर्षं बंदूक चालवतो. मी लोकांना शिकवलं आहे, की चाप ओढताना डोळा मिटू नये. मी तिला पुन्हा बघायला सांगितलं. तिने शिट्टीमास्तरलाही बोलावलं. तो खाली वाकून बघत राहिला, उठला, शिट्टी तोंडातून काढली आणि म्हणाला, "मिटता."

दाजी


२ फेब्रुवारी

मेहुण्या,

तुझं पत्र. "दाजी, तुम्ही डोळा मिटता हे मी पहिल्या दिवसापासून बघतोय. सांगितलं असतं तर तुम्ही मला त्या दिवशी जेवू दिलं असतंत का?"

दिलं असतं. उशिरा दिलं असतं.

हे वाक्य मी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बघा, तुमचा मान राखायला तो गप्प बसला, आणि तुम्ही पट्टीवरून घर डोक्यावर घेतलंत." मी म्हटलं, पट्टी ही पट्टी आहे. ती म्हणाली, "हो, मोजली आहे तुम्ही."

मग आमची रोजची शिकवणी सुरू झाली. संध्याकाळी वर्कशॉपचं शटर खाली ओढून मी मोकळी रायफल भिंतीवरच्या ठिपक्यावर रोखायची, खटका पाडायचा, आणि तिने समोर स्टुलावर बसून माझा डोळा बघायचा. "मिटला." "मिटला." "आत्ता अर्धा." मोकळ्या खटक्याला मी लवकर सुधारलो. पण आवाज आला की पुन्हा मिटायचा. मग ती माझ्या कानामागे लाकडी फळीवर हातोडी आपटायला लागली. कधी आपटणार ते सांगायची नाही. शेजारचा वेल्डर शटर ठोठावून विचारून गेला, सगळं ठीक आहे ना. "यांचा डोळा उघडतेय," ती आतून म्हणाली. तो पुन्हा आला नाही.

परवा सकाळी खाणीवर गेलो. हवा पडलेली, रात्रीचा ओलावा अजून खडीवर, सूर्य पाठीवर. मी झूम खाली आणलं. स्वतः. बैठकीला हात लावून पाहिला, कड्या पाहिल्या. नॉब आता मधल्या जागी आहे, वरखाली दोन्हीकडे फिरायला भरपूर जागा. ती बैठक आपलं काम करते आहे आणि कुणाला सांगत नाही.

चाप ओढला आणि डोळा उघडा राहिला.

कसं लिहू? सुटताना दिसली नाही. फुलीच्या खालून कुठूनतरी एक कण वर आला, जस्ताच्या रंगाचा, मागून उजळलेला. तो चढत होता. मला आयुष्यभर वाटत आलं की गोळी म्हणजे घाई. तिला घाई नव्हती. ती फुलीच्या वर चढली, चकतीच्या कितीतरी वर, आकाशात कुठेतरी निघाल्यासारखी, आणि मला खरंच वाटलं की चुकली, आता ही खाणीच्या वरून जाणार. मग ती वाकली. माझ्या भिंतीवर, बाकड्याच्या वर, मी तिची वाट काढून ठेवली आहे, पंचवीस-पंचवीस मीटरवर ठिपके देऊन, आलेखाच्या कागदावर. तीच रेघ होती. ठिपके नसलेली. कुणी जोडलेली नाही, अखंड, आणि पुसत जाणारी. ती त्या रेघेवरून चकतीवर उतरली आणि नाहीशी झाली, आणि मी अजून बघतच होतो तेव्हा टण् आलं.

मी उठलो नाही. तुझ्या बहिणीने विचारलं, "दिसली?" मी हाताने वर आणि खाली असं दाखवलं. ती हसली नाही. म्हणाली, "हो. तशीच."

मी तो आकडा किती वेळा काढला असेल. कमरेच्या खाली, मांडीएवढी उंच चढते, वाटेच्या मध्याच्या थोडं पुढे. वहीत हिशेब बरोबर होता. पण मला माहीत होतं आणि मी पाहिलं नव्हतं, यात एवढं अंतर असेल असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला माप विचारलं असतं. दुपारी पंपाचा दांडा लेथवर लावला आणि तसाच सोडला. मी मशीन बंद केलं आणि बाकड्यावर बसून राहिलो. गिऱ्हाईक येऊन गेलं. त्याला म्हटलं, उद्या ये.

तू हे तेव्हाच पाहिलं होतंस. ती पट्टी घालून लांब मारायला गेलास, आणि परत आलास तेव्हा तुझा चेहरा कसातरी होता. मला वाटलं होतं ऊन लागलं. पट्टी काढायला तू का विसरलास ते मला आता समजतं. मीही परवा रायफल खोळीत घालायला विसरलो.

आता सरळ लिहितो. ये. खाण पावसाळ्यापर्यंतच आहे, मग पाणी भरतं. पण त्यासाठी नाही. ती रोज संध्याकाळी फळीवर हातोडी आपटते, डोळा उघडा राहिला की खूश होते, आणि मग घरी जाताना काही बोलत नाही. तुझ्या चिठ्ठीत तू येतो म्हणून लिहिलंस की येणार नाही म्हणून, हे मी विचारू शकत नाही. गादी तिने उन्हात टाकली होती. पण गाद्या ती दर थंडीत टाकते, म्हणून त्यावरून काही नक्की सांगता येत नाही.

दुर्बीण रायफलीवरच ठेवली आहे. झूम तळाला. कुणी हात लावलेला नाही.

दाजी


९ मार्च

मेहुण्या,

तुला सोडून स्टँडवरून परत आलो आणि लगेच लिहायला बसलो, कारण एक गोष्ट सांगायची राहिली. तोंडी सांगता आली असती. जमलं नाही.

तू आलास त्या संध्याकाळी दारात उभा राहिलास, बॅग खांद्याला, आणि म्हणालास, "ताई, मी या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही म्हणालो होतो." ती म्हणाली, "ठेवू नकोस. लांब टांग टाकून आत ये." आणि तू टाकलीस, बॅगसकट, आणि चपलांच्या ढिगात पडलास. ती तुला उठवायलाही पुढे झाली नाही, कपाटाला धरून हसत होती. मग एकदम आत गेली आणि नळ सोडला. नळ बराच वेळ चालू होता. हे तुलाही माहीत आहे.

तुला माहीत नाही ते खाणीवरचं आहे.

तू चटईवर पालथा झालास. मी दुसरी दुर्बीण घेऊन तुझ्या मागे, गोळी कुठे जाते ते बघायला. ती तुझ्या डावीकडे, पावलाच्या अंतरावर. शिट्टी वाजली. तू बराच वेळ घेतलास. तू नेहमीच घेतोस, मी त्यावरून तुला बोलायचो. या वेळी नाही बोललो.

तू चाप ओढलास तेव्हा मी चकतीकडे बघायला हवं होतं. ते माझं काम होतं. पण त्याच क्षणी माझी नजर बाजूला गेली, म्हणून तुझी पहिली गोळी मी पाहिली नाही. ती लागली हे मी नंतर बाकीच्यांसारखंच कानाने ऐकलं. तू दुर्बिणीतून बघत होतास आणि ओरडलास, "दाजी, दिसली!" मी हो म्हणालो. खोटं होतं.

गोळी हवेत होती तेव्हा मी तुझ्या बहिणीकडे बघत होतो. ती चकतीकडे बघत नव्हती. कातळाकडे नाही, गोळीकडे नाही, आणि गोळी दिसते हे माझ्याआधी तिला कळलेलं. ती तुझ्या पाठीकडे बघत होती. तिचा हात पुढे झाला होता, तुझ्या खांद्याच्या वर, वीतभर अंतरावर, आणि तिथेच थांबला होता. रेंजवर झोपलेल्या माणसाला हात लावायचा नाही, हा शिट्टीमास्तरचा नियम आहे आणि तिला तो पाठ आहे. गोळी चढत असेल, वाकत असेल, उतरत असेल, तेवढा सगळा वेळ तो हात हवेत होता. जराही हलला नाही. मी इतकी वर्षं मोजण्याची कामं केली आहेत, एखादी गोष्ट इतकी स्थिर धरलेली मी पाहिलेली नाही.

मग टण् झालं, तू ओरडलास, आणि ती म्हणाली, "माहीत आहे. मला आधी दिसली होती." हात तोवर खाली आला होता.

शिट्टीमास्तरने थांबायची शिट्टी वाजवली तेव्हा ती खाली वाकली आणि तुझ्या शर्टावरची माती झटकली. दोन-तीनदा, चांगली. तुला वाटलं असेल माती लागली होती. चटई मी सकाळीच झाडून आणली होती. शर्टावर काही नव्हतं.

दाजी